दाढेची कॅप

सुका टोस्ट चावताना कट्ट आवाज झाला आणि दाढेची कॅप माझ्या तळहातावर आली.

उजवीकडची तीच एक चावती दाढ. डावीकडे नुसतं मैदान आहे. सात वर्षांपूर्वी बायकोनं मला ओढत नेऊन ती कॅप बसवून घेतली. खुर्चीशेजारी उभी राहून म्हणाली, "दात सांभाळा. माझ्यामागं तुम्हाला मऊ करून घालायला कोण बसलंय?" मी "सांभाळतो" म्हणालो होतो. ती जाऊन आता वर्ष झालं.

मी सुतार. निघालेली वस्तू दुसऱ्याकडे न्यायची, हे माझ्या डोक्यात येत नाही. कॅप धुतली, आतून पॉलिशपेपर फिरवला, लाकडाची कपची चिकटवायचा झटपट डिंक लावला आणि जागेवर दाबून शंभर आकडे मोजले. बसली. स्वतःवर खूश झालो.

पंधरा दिवसांनी थंड पाणी लागलं की कळ यायला लागली. मुलगी संध्याकाळी येते, तिनं पकडलं.

"बाबा, टोस्ट भिजवून का खाताय?"

"आवडतो."

"भिजलेला टोस्ट म्हणजे ओला पुठ्ठा, असं कोण म्हणायचं? आ करा बघू."

आवाज थेट आईचा. मी आ केला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला. "काका, ही कशानं बसवलीत?"

"डिंकानं."

"कुठल्या?"

"आमच्याच."

मुलीनं कपाळावर हात मारला. "डॉक्टर, खिळा ठोकला नाही हेच नशीब समजा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कॅप काढून म्हणाल्या, "कडेनं फट राहिलीय. त्यातून कीड आत शिरली. साफ करून बघते. खाली टणक दात लागला तर दाढ वाचेल, नाहीतर काढावी लागेल."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. दिलेला शब्द असा डिंकाच्या एका थेंबावर घालवला, असं वाटलं. मुलगी पुढं येऊन खुर्चीशेजारी उभी राहिली.

आधी मशीन चाललं. मग बाईंनी बारीक चमच्यासारखं हत्यार घेऊन आत खरवडायला सुरुवात केली. कुजक्या लाकडात तासायची पटाशी मुकी चालते, चांगलं लाकूड लागलं की वाजते. मी कान देऊन ऐकत होतो. बराच वेळ काहीच नाही. मग खर्र. पुन्हा खर्र.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचली." मला ते आधीच कळलं होतं.

त्यांनी कागदावर पूड आणि द्रव घोटला. माझी नजर तिकडेच.

"हे काय?"

"आमचा डिंक. कॅप धरतो, शिवाय थोडं थोडं फ्लोराइड सोडतो. कडेच्या दाताला कीड लागायला अवघड जातं."

"किती दिवस सोडतो?"

"सुरुवातीला जास्त, मग कमी कमी. पण फ्लोराइडच्या पेस्टनं घासलंत की त्यातलं थोडं शोषून घेतो आणि पुन्हा सोडतो. जादू नाही हं, घासायचं तुम्हालाच."

चाळीस वर्षांत धरणारे डिंक पाहिले, दगा देणारेही पाहिले. धरून वर काही देणारा हा पहिलाच. मी डब्यावरचं नाव वाचायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "काका, घरी प्रयोग नको."

आणखी एक अट घातली. पेस्ट थुंकायची, पण लगेच चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

"मग संपलंच," मुलगी म्हणाली. माझ्या चुळांचा आवाज साऱ्या मजल्याला ठाऊक. बायको म्हणायची, "नळ फुटला की हे उठले, काही कळत नाही."

बाईंनी सांगितल्याप्रमाणे एक दिवस कडक काही खायचं नव्हतं. मी दोन दिवस थांबलो. डिंक लावलेल्या लाकडाचा शिकंजा लवकर सोडायची सवयच नाही. तिसऱ्या दिवशी टोस्ट घेतला, सुका, आणि उजवीकडे ठेवून चावला. कट्ट झालं. जिभेनं चाचपलं. मोडला होता तो टोस्टच. मग अख्खा खाल्ला आणि आणखी एक घेतला.

आता सकाळी बेसिनपाशी मी घासतो, थुंकतो आणि गप्प उभा राहतो. आठवड्यानं शेजारीण जिन्यात भेटली.

"काका, गावाला गेला होतात का? आवाज नाही तुमचा."

"घरीच आहे," मी म्हणालो. "दात सांभाळतोय."