गाडीखालचा पेपर

बाटली भरत आली की नळाच्या धारेचा आवाज बारीक होत वर चढतो. अजून उजाडलं नव्हतं. सगळं घर निजलेलं, आणि स्वयंपाकघरातून तो चढत जाणारा आवाज आला तशी देविकाची झोप मोडली. मग बूच फिरवल्याची चिरचिर, दाराची कडी, लिफ्टची घरघर. तिचे सासरे गाडीला पाणी पाजायला निघाले होते.

ती शाल गुंडाळून बाल्कनीत आली. नोव्हेंबरातली दिल्लीतल्या द्वारकेची सकाळ. समोरची इमारत धुरक्यात निम्मी बुडालेली. खाली पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून गुलाबराव वाकले होते. पाणी ओतून झाल्यावर त्यांनी गाडीखालून वर्तमानपत्राचा पसरलेला कागद ओढून काढला आणि पार्किंगच्या दिव्याकडे धरून नीट न्याहाळला. हा त्यांचा जुना शिरस्ता. रात्री गाडीखाली पेपर पसरायचा, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, सकाळी तपासायचा. जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला पुरावा लागतो. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांचा वाचून झाला की पेपर गाडीला वाचायला देतात."

"एक थेंब नाही!" खालून त्यांनी कागद तिला दाखवला. "म्हणजे लीक नाहीच."

"मग रोजचं पाणी जातं कुठे, बाबा?"

"पिते! वय झालं तिचं. म्हातारपणी घसा सुकतो, तुला काय कळणार एवढ्यात!"

देविका हसली खरी, पण मनात पाल चुकचुकली. हल्ली गाडी सुरू झाली की मागून पांढरा धूर निघायचा, आणि त्याला गोडसर, करपल्यासारखा वास असायचा. शिवाय परवा त्यांनी एकाच सकाळी तिला दोनदा विचारलं होतं, आपला अंशुमन कामाला मानेसरलाच जातो ना गं? दोन्ही वेळा उत्तर ऐकून समाधानानं मान हलवली होती.

इशिताला शाळेत सोडणं आणि आणणं हे त्यांचं काम. त्यात ते कुणाला बोट घालू देत नसत. आजोबा आणि नात त्या गाडीतून निघाले की सोसायटीचा गेटवाला सलाम ठोकायचा, आणि गुलाबराव जणू अजून सेवेत असल्यासारखे मान तुकवायचे.

त्या दुपारी दोघं आलीच नाहीत.

देविका घरूनच काम करायची. मीटिंग चालू असताना तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. शाळेला फोन केला. मुलं केव्हाच गेली, असं कळलं. बाबांचा फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. मग कधीतरी तो उचलला गेला.

"अगं, गाडी तापली. थांबलोय जरा."

"कुठे आहात बाबा?"

पलीकडे रिक्षांचे हॉर्न, कुणीतरी 'ले लो, ले लो' करत कपडे विकत होतं.

"घरीच," गुलाबराव म्हणाले. "म्हणजे, घराखालीच आहोत."

त्यांच्या हातातून इशितानं फोन घेतला. "आई, इथे खूप सारी टीन लावली आहे. आणि एक मोठ्ठी क्रेन आहे."

देविकाला उमगलं. सरोजिनी नगर. जिथे त्यांचं सरकारी क्वार्टर होतं. आता तिथे क्वार्टर नव्हतं, पत्र्याचं कुंपण होतं आणि आत नव्या टॉवरांसाठी खणलेला खड्डा.

ती रिक्षानं पोचली तेव्हा गाडीच्या बॉनेटखालून वाफ निघत होती. गुलाबराव स्टिअरिंगवर हात ठेवून ताठ बसले होते, समोरच्या पत्र्याकडे बघत. तिला पाहून ते एकदम भानावर आले आणि भराभर बोलू लागले. रस्ता खोदलेला होता, वळण चुकलं, ऊन किती, गाडीनं दगा दिला. देविका हो हो म्हणत राहिली. मागच्या सीटवर इशिता चिप्स खात होती.

"आजोबांनी दोनदा हॉर्न वाजवला," ती खुशीत म्हणाली. "म्हणाले, दोन हॉर्न दिले की आजी खाली येते. पण नाही आली. तिला यायला टाइम लागतो, तयार होते ना ती!"

आजीला जाऊन चार वर्षं झाली होती.

गाडी ओढून पालमच्या गल्लीत नीरजच्या वर्कशॉपमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा देविका पोळ्या करत होती. हात पिठाचे म्हणून तिनं स्पीकर लावला. ओट्याशी इशिता चित्र रंगवत बसली होती.

"भाभीजी, हेड गॅस्केट गयी है. इंजन के दो हिस्सों के बीच की पतली सी पट्टी समझ लो. पानी बाहर नहीं टपकता, अंदर ही अंदर जलता रहता है. अंकलजी का अखबार तो सूखा ही मिलेगा!" तो हसला. "पर इंजन बढ़िया है. बदल देता हूँ, बिल्कुल ठीक हो जाएगी."

"शाम को बताती हूँ, भैया."

तिनं नवऱ्याला, अंशुमनला फोन केला. मागे कारखान्याचा खडखडाट.

"करून टाक ना यार दुरुस्त," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तशीही पंधरा वर्षं होतील, दिल्लीत चालवता यायची नाही. तोवर वापरू देत त्यांना. ती गाडी म्हणजे बाबांचे पाय आहेत."

"अंशू, त्यांनी आईंसाठी हॉर्न वाजवला."

तो म्हणाला, "उन्हात होते गं. सवयीनं झालं असेल."

"डॉक्टरकडे नेऊ या. आणि मागच्या सीटवर इशिता असते रे."

"नेऊ. रविवारी बघू. गाडीचं तू ठरव," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तू ठरव. देविका तव्याकडे बघत उभी राहिली, पोळी करपली. गाडी दुरुस्त झाली तर ते पुन्हा निघणार, नातीला घेऊन, छाती काढून. आणि तुम्हाला रस्ते आठवत नाहीत, हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं कुणी? गाडीचं दुखणं सांगणं सोपं होतं.

संध्याकाळी चहा देताना ती म्हणाली, "बाबा, नीरज म्हणतोय, गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही."

रंगवता रंगवता इशितानं मान वर केली.

"असं म्हणाला?" गुलाबरावांनी कप खाली ठेवला. "हेड वाकलं असेल तर घासून सपाट करतात. नवीन गॅस्केट टाकलं की..."

"इंजिनच्या ब्लॉकलाच चीर गेलीय म्हणे." खोटं इतकं सफाईनं बाहेर पडलं की तिची तिलाच भीती वाटली.

गुलाबराव बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. एखादी फाइल दोनदा वाचावी तसे.

"आतून चिरलं की ज्याचं त्यालाही कळत नाही," ते शेवटी म्हणाले. "बरं झालं, वेळेवर कळलं. आपली पोर बसते गाडीत." मग त्यांनी जुडग्यातून गाडीची किल्ली नखानं सोडवली. कडी घट्ट होती, जरा वेळ लागला. किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. देविकाला मान वर करता आली नाही.

आठवडाभरात भंगारवाला गाडी घेऊन गेला. गुलाबराव खाली आले नाहीत. आत टीव्ही मोठ्यानं लावून बसले.

आणि मग एका पहाटे, घर निजलेलं असताना, नळाखाली बाटली भरू लागली. आवाज बारीक होत वर चढत गेला. बूच. कडी. लिफ्ट.

देविका अनवाणीच बाल्कनीत धावली. धुरक्यात पार्किंगचा दिवा पिवळा पडला होता. गाडीच्या रिकाम्या जागेत, तेलाच्या जुन्या डागांवर, वर्तमानपत्र पसरलेलं होतं, चारी कोपऱ्यांवर दगड. रात्री कधी पसरलं होतं कोण जाणे. गुलाबरावांनी भरलेली बाटली खाली ठेवली, दगड एकेक करून बाजूला केले, कागद उचलून दिव्याकडे धरला आणि उलटून पुन्हा पाहिला.

"देविका!" त्यांचा चेहरा उजळला होता. "बघ, एक थेंब नाही!"

तिनं कठडा घट्ट धरला. मागून उबदार हात तिच्या कमरेला बिलगला. इशिता झोपेतून उठून आली होती. गजांमधून खाली, आजोबांकडे बघत होती.

"आई," तिनं हळूच विचारलं, "आता गाडी नाहीये ना, मग आजीला घ्यायला आजोबा कसे जाणार?"