छातीवर बाळ घेऊन बसायची खुर्ची

मी एक जुनी, मागे रेललेली लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे साहेब येतात, मास्तर येतात, फार तर आजोबा येतात. माझ्यात मात्र अशक्त झालेल्या बाया बसायच्या आणि त्यांच्या छातीवर एवढंसं बाळ असायचं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. उगाच गळा काढायची मला सवय नाही. जे पाहिलं ते सांगते.

दवाखान्यामागच्या शेडमध्ये एका सुतारानं मला घडवलं. हाताचा चांगला, तोंडाचा फटकळ. पाठ कलती हवी हे ऐकून तो म्हणाला, "सिस्टर, ह्यात माणूस बसणार की लोळणार?"

"अर्धवट लोळणारच," त्या खोलीच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आई ताठ बसली तर छातीवरचं बाळ घसरतं. सपाट झोपली तर तिलाच त्रास होतो. मधलं काहीतरी करा."

"मधलं म्हणजे किती?"

सिस्टर सरळ लाकडांच्या ढिगाला टेकल्या. "एवढं."

सुतारानं त्यांच्या पाठीमागे फळी धरली आणि पेन्सिलीनं खूण केली. माझी पाठ त्या खुणेवर बेतलेली आहे. मला त्याचा अभिमान आहे, का नसावा?

काम तसं सोपं होतं. बाळाला टोपी आणि मोजे घालायचे, लंगोट बांधायचा, बाकी अंग उघडं. मग त्याला आईच्या उघड्या छातीवर, पाय दुमडून, उभं ठेवायचं. वरून कापड गुंडाळून घट्ट गाठ मारायची आणि आईनं माझ्यात रेलून बसायचं. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते. कमी दिवसांचं बाळ मधेच श्वास घ्यायला विसरतं, तेही आईची छाती वरखाली होत राहिली की कमी होतं. दूध तर तोंडापाशीच. खोलीत काचेच्या उबदार पेट्याही होत्या, पण बाळं जास्त आणि पेट्या कमी. त्यात वीज गेली की पेट्या गार पडायच्या.

सुतारानं माझ्या मागोमाग अशा आणखी दोन-तीन खुर्च्या केल्या होत्या; बसल्या बसल्या बायांच्या गप्पा चालायच्या. एकजण म्हणाली होती, "अगं, घरी इतका वेळ बसू दिलं असतं का कुणी? बाळाचे उपकार मान!" सगळ्या हसल्या आणि छातीवरची बाळं हसण्याबरोबर हलली.

पुढे कौतुकच मला बाधलं. एकदा पाहुणे आले. त्यांनी माझे फोटो काढले, वा वा केलं, आणि त्याच दिवशी मी वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत भरले. साहेबांचं पाठीचं दुखणं जुनं. "तात्पुरती नेतो," म्हणत शिपायानं मला उचललं. तात्पुरतं म्हणजे काय, ते मोठे झालात की तुम्हालाही कळेलच. खाली माझ्या जागी आयांच्या नशिबी लोखंडी स्टूल आलं. ओल्या बाळंतिणीनं स्टुलावर किती वेळ तग धरावा? माझ्यातली बाळं पुन्हा पेट्यांत गेली, दाटीवाटीनं. सिस्टर वर येऊन भांडून गेल्या. साहेब म्हणाले, "बघू."

मग एक हमाल आला. बाजारात पोती वाहणारा, दारात मावणार नाही असा आडदांड. त्याच्या बायकोचा रक्तदाब वाढून तिला झटके आले होते, म्हणून बाळ लवकर काढावं लागलं. बायको दुसऱ्या खोलीत बेशुद्ध, तिची आई तिच्या उशाशी. पोरीला पेटीत जागा नाही. सिस्टर त्याला म्हणाल्या, "आता ऊब द्यायला तुम्हीच आहात. शर्ट काढा." तो खोलीच्या दाराबाहेर बसला, पण स्टुलावर कुठे टेकणार? पोरगी सारखी खाली घसरू लागली.

हे मला कळलं ते तो पोरीला सिस्टरांच्या हाती देऊन वर आला तेव्हा. साहेब जेवून माझ्यात डोळे मिटून पडले होते.

"साहेब, उठता का जरा? खुर्ची न्यायचीय."

"कोण तुम्ही? कुणाला विचारून?"

"खाली माझी पोरगी गार पडतेय. ही खुर्ची तिथलीच आहे म्हणे."

"असं कसं नेता येईल? रीतसर अर्ज करा."

"अर्ज होईपर्यंत ती टिकायची नाही, साहेब."

साहेब उठले. भीतीनं उठले की लाजेनं, ते मला सांगता यायचं नाही, मला त्यांची फक्त पाठ दिसायची. हमालानं मला डोक्यावर घेतलं आणि जिना उतरला. एकाही भिंतीला मला घासू दिलं नाही. तोवर इतक्या हलक्या हातानं मला कुणी उचललं नव्हतं.

खोलीच्या दारावर पुरुषांना मनाईची पाटी होती. सिस्टरांनी त्याला दंडाला धरून आत घेतलं. बायांनी अंगावरची कापडं सावरली, तोंडं फिरवली. तो लाजून अर्धा झाला होता. सिस्टरांनी बाळ त्याच्या छातीवर बांधलं आणि तो माझ्यात रेलला, दगडासारखा गच्च.

"सिस्टर, हिचं वजनच लागत नाही. घसरली तर मला कळणार कसं?"

"गाठ मी मारलीय. तुम्ही आधी श्वास सोडा!"

"भाऊ, पोतं नाही ते," शेजारची बाई न राहवून म्हणाली. "खांदे खाली सोडा की."

सगळ्या खुदकन हसल्या. तेव्हापासून कुणी तोंड फिरवलं नाही. पोरीला सगळ्या चिमूट म्हणू लागल्या. तीच शेजारीण आपलं दूध वाटीत काढून द्यायची आणि सिस्टर ते नळीनं थेंब थेंब पाजायच्या. येता-जाता त्या चिमूटचे तळवे चाचपायच्या. आधी गार, मग कोमट.

कुणी जवळ नसलं की तो पोरीशी बोलायचा. "तुझ्या आईच्या पायांवर सूज होती. डोकं ठणकतं म्हणायची. सगळे म्हणाले, असं होतंच. मीही तेच म्हणालो. दाखवायला पाहिजे होतं गं."

एका दुपारी त्याची सासू दारात येऊन उभी राहिली. मागे सिस्टर होत्या. "जावईबापू," एवढंच ती म्हणाली.

त्याला कळलं. माझ्यात बसलेलं ते भलंमोठं अंग एकदा वर उसळलं आणि खाली बसलं. अशा वेळी माणसं जमिनीवर पडतात, ऊर बडवतात. त्याच्या उरावर पोरगी होती. त्यानं माझे दोन्ही हात असे आवळले की उजव्या हाताला चीर गेली. तो रडला, पण आवाज न करता, बाळाच्या टोपीवर हनुवटी टेकून. मित्रांनो, मी लाकूड आहे, तरी तेव्हा मला फार वाईट वाटलं.

सासूनं डोळे पुसले. नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"उठा. तिच्यापाशी तुम्ही जा. हिला मी घेते."

"आई, तुमची लेक गेलीय. तुम्ही कशा बसाल?"

"गेली. हिला तरी गार पडू द्यायची नाही."

सिस्टरांनी गाठ सोडून पुन्हा बांधली. तिचं अंग थरथरत होतं, पण ऊब होती. सिस्टरांनी चिमूटचे तळवे हातात धरले. "गरम आहेत," त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे ती बाई मोठ्यानं रडली.

चिमूट अंग धरून घरी गेली. माझा उजवा हात पुढे निखळला आणि मी जिन्याखाली आले. मला दुरुस्त करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. नवी करा, पण जिथे अशी बाळं ठेवता, तिथे आईला रेलून बसायला जागा द्या आणि ती दुसऱ्या कुणाला नेऊ देऊ नका. आणि तुमच्या घरात कुणी गरोदर असेल, तिच्या पायांवर सूज आली, डोकं ठणकू लागलं, तर असं होतंच म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी तिला दाखवा. ती चिमूट बापाच्या छातीवर जगली, आजीच्या छातीवर वाढली. तिची आई मात्र माझ्यात एकदाही बसली नाही.