न टोचलेली कोंबडी

त्या वर्षी पाऊस उशिरा ओसरला आणि डास फार माजले. मलावीतल्या आमच्या गावात फालेसीच्या नातीचा साखरपुडा ठरला होता. मुलाकडचे कोंबडा देतात, मुलीकडचे कोंबडी. दोन्हीकडच्या मामांनी पक्ष्यांची अदलाबदल केली की सोयरीक पक्की. त्यासाठी फालेसीने पांढरी कोंबडी राखली होती. अंगावर एक ओरखडा नव्हता.

तेवढ्यात शेजारणीच्या कोंबड्यांना देवी आल्या. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळ्या खपल्या. लस टोचणारी दालित्सो आली. दोन टोकांची सुई लसीत बुडवून ती पंखाच्या पातळ कातडीतून आरपार काढत होती.

"डोळ्यात थेंब नाही टाकत?" फालेसीने विचारलं.

"ते मानमोडीच्या रोगाला, आजी. ही देवीची लस डोळ्यात गेली तर डोळा जाईल. आठ दिवसांनी पंखाला खपली धरते का बघ. नाही धरली, तर लस लागली नाही."

फालेसीच्या अकरा कोंबड्या टोचून झाल्या. साखरपुड्याच्या कोंबडीवर व्रण नको म्हणून बारावी फालेसीने टोपलीखाली दडवली.

आठ दिवसांनी अकरा जणींच्या पंखांना खपली होती. पांढरीच्या तुऱ्यावर मात्र फोड आले आणि दोन दिवसांत तिचा डावा डोळा मिटला. साखरपुड्याला पाच दिवस उरले होते.

"ही कुठे होती?" खपल्या बघायला आलेल्या दालित्सोने विचारलं.

"टोपलीखाली."

"डासांना अडवायला टोपलीला काय कडी होती? हा रोग डासच पसरवतात. वेगळी ठेव आता. कोमट मिठाच्या पाण्याने डोळा पूस, पातळ लापशी दे, खपल्या खरवडू नकोस. बरी व्हायला महिना लागेल."

लेक लोनेसी म्हणाली, "तुऱ्याला तांबडी माती फास. कोण बघतंय?"

"लायसन बघेल. मुलाचा मामा तो. पंख उचलून बघितल्याशिवाय तो कोंबडी घेत नाही. परत पाठवली, तर पोरीचं लग्न पुढल्या सुगीवर."

फालेसीने टोचलेल्यांतली तपकिरी निवडली.

साखरपुड्याच्या दिवशी मुलीकडचा मामा म्हणून बसलेल्या फालेसीच्या भावाने ती पुढे केली. लायसनने पंख उचललाच. "ही खपली कसली? आजारी कोंबडी देता होय?"

मामा बोलत असताना बायकांनी बोलायचं नसतं. फालेसी बोलली.

"ती लसीची टोच आहे, आजाराची नव्हे. आजारी आहे ती घरात कोंडलीय, हवी तर बघून या. व्रण पडेल म्हणून तिला मीच लपवली. ही टोचलेली, म्हणून धडधाकट आहे."

लायसनने तुरा चाचपला, डोळे पाहिले, पुन्हा पंख पाहिला आणि कोंबडी आपल्या बहिणीच्या, मुलाच्या आईच्या हातात दिली.

"आमच्याकडेही दोघींना फोड दिसतायत," तो हळूच म्हणाला. "ती बाई तिकडे येईल?"

"येईल. फोडवाल्या आजच बाजूला काढा. बाकीच्या टोचून घ्या."

त्याने कोंबडा पुढे केला. फालेसीच्या भावाने घ्यायला हात पुढे केले, पण फालेसीने त्याला थांबवलं आणि आधी कोंबड्याचा तुरा उजेडाकडे वळवून नीट पाहिला.