लताचं स्वतंत्र पाणी

लताला स्वतःचं पाणी हवं होतं. समता कॉलोनीतलं घर तिचं, टाकी तिची, नळ तिचे. बोर तेवढा भिंतीपलीकडे, थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात. वाटणीत जागा मधोमध कापता आली, बोर काही कापता आला नाही. तेव्हापासून रोज सकाळी लता फोन लावायची, "वहिनी, पाणी सोडता का?" आणि मीरावहिनी निवांत म्हणायच्या, "मागितलं का सोडतेच ना मी. पूजा होऊ दे माझी." ही पूजा नेमकी उन्हाळ्यात लांबायची. डोक्याला शिकेकाई थापून लता वहिनींच्या देवापुढून उठण्याची वाट बघत बसे, आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई.

यंदा तिनं ठरवलं, बस्स झालं. आता कुणाकडे मागणं नाही.

बोरवाला निवडताना तिनं लेकीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी केली. एकानं आपली बोरची गाडी दाखवायला टाळाटाळ केली, तो बाद. दुसऱ्यानं तिच्या पोह्यांत मीठ कमी म्हटलं, तो तर तिथल्या तिथे बाद. भनपुरीचा देवीदास पसंत पडला, कारण त्यानं पोहे दोनदा घेतले आणि न विचारता कामाचं सांगितलं. "वर मुरूम आहे दीदी, तो ढासळतो, तिथवर पाइप टाकू. नीचे पूरा चूना पत्थर. त्याले पाइप लागत नाही."

मग पाणी शोधायला तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अंगणभर फिरला. नारळ सगळीकडे आडवाच. भिंतीपाशी, वहिनींच्या बोरच्या अगदी समोर, तो टुणकन उभा राहिला.

"इथं नाही," लता म्हणाली.

"पर दीदी, नारियल तो..."

"त्याले सांगा, दुसरीकडे उभा राहा म्हणा. मले त्यांच्यातलं पाणी नको."

रेल्वेतून निवृत्त झालेले तिचे यजमान श्रीपादराव पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, खाली चुनखडक आहे. पाणी त्याले खाऊन खाऊन पोकळ्या करते. त्याले आपली वाटणी काय ठाऊक?"

"तुम्ही पेपर वाचा."

जागा ठरली पार दुसऱ्या टोकाला, गाडीच्या शेडपाशी. मुहूर्ताला लतानं नेमका तोच नारळ फोडला, आणि जरा जोरातच फोडला.

भोकात हवा सोडणारा कॉम्प्रेसर धडधडू लागला. आधी तांबडा मुरूम उडाला, मग राखाडी भुकटी. श्रीपादरावांचा चहा, शेजारची गाडी, समोरच्यांचं कुत्रं, सगळं एका रंगाचं झालं. दोनशे फुटांच्या आसपास खडक फोडणारं बिट एकदम हातभर खाली घसरलं आणि भुकटी उडायची थांबली. मशीन बोंबलतंय, पण भोकातून वर काहीच येईना.

"हवा गेली कुठं?" लतानं विचारलं.

उत्तर भिंतीपलीकडून आलं. वहिनींच्या बोरचं झाकण उडालं आणि पांढऱ्या चिखलाचा फवारा सरळ गच्चीपर्यंत गेला. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, आणि कावळे हाकलायला स्वतः मीरावहिनी काठी घेऊन बसल्या होत्या.

"अगं आई गं!"

देवीदासनं घाईघाईनं मशीन बंद केलं. "दीदी, पोकळी एकच निघाली. पानी दोनों का एक है." वहिनींच्या बोरमध्ये गाळ भरलाय, आता काही दिवस त्यांना पंप लावता यायचा नाही, हेही त्यानं खाली मान घालून सांगितलं.

लताचं तोंड उतरलं. एवढे पोहे केले, ते यासाठी? पण देवीदासनं मशीन पुन्हा लावून हवा हळू सोडली, आणि तिच्या भोकातून पाणी आलं. आधी ताकासारखं, मग घटकाभरात नितळ. लतानं बादली भरली.

भिंतीवर मीरावहिनी उगवल्या. नखशिखांत पांढऱ्या, डोळे तेवढे काळे, केसांत दोन कुरडया. त्यांनी लताकडे पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं.

मागा म्हणावं आता, लताच्या मनात आलं. एकदा मागा. ती बादलीच्या कडीला धरून उभी राहिली. किती गोड वाटत होतं ते! वहिनींच्या पापण्यांवरचा चिखल वाळून भेगाळू लागला, तरी त्यांचा ओठ हलेना. लताला तो मिटलेला ओठ चांगलाच ओळखीचा होता. फोन लावण्याआधी रोज सकाळी तिचा स्वतःचा ओठ अस्साच मिटलेला असायचा. तिला एकदम आपलीच लाज वाटली.

तिनं बादली उचलून भिंतीवर ठेवली.

"घ्या वहिनी. सुकलं का निघणार नाही हे."

मीरावहिनींनी तांब्याचीही वाट पाहिली नाही, बादली सरळ डोक्यावर ओतली. चेहरा दिसू लागल्यावर त्या म्हणाल्या, "लई थंड आहे गं."

"आणखी देऊ?"

वहिनींनी मान डोलावली. लता दुसरी बादली भरायला वळली, तशी मागून हळूच आवाज आला, "मागून घ्यायले बरं नाही वाटत, नाही का गं?"

"नाही वाटत," लता म्हणाली, आणि बादली काठोकाठ भरू दिली.