ठोकळ्यांतला पाहुणचार

राजारामपुरीतल्या नव्या कीर्तन मंडपात अस्मिताचा पारा चढला होता. साखर कारखान्याची राख मिसळून सिमेंट वाचवायचं, हे तिचं तीन वर्षांचं संशोधन. मंडपाचा स्लॅब त्याच मिश्रणाचा. आणि त्याच स्लॅबचे म्हणून तपासणीला नेलेले काँक्रीटचे ठोकळे केरबा मिस्त्रीने वेगळेच ओतले होते, हे तिला आत्ता एका गवंड्याकडून कळलं.

“मामा, ठोकळ्यांत जादा सिमेंट घातलंत?”

“घातलं की! तुमच्या परीक्षेला जाणार म्हटल्यावर... पावण्याला पाण्यागत आमटी वाढायची व्हय?”

“माझा सगळा निकाल खोटा पडला! आणि हा स्लॅब?”

“त्यात तुम्ही सांगितलं तसंच मिसळलंय. माळकरी हाय मी, देवाच्या कामात चोरी न्हाय.”

“गळ्यात माळ आणि मलाच फसवलंत! उद्या इथं बुवा निरूपणाला उभे राहतील, पाचशे माणसं याच्याखाली डोळे मिटून बसतील. कुणाच्या भरवशावर? तुमच्या मायेच्या?”

तिने निकालाचे कागद टराटरा फाडले. “स्लॅबमधूनच नमुना कापा. तो नापास झाला तर मंडप उघडायचा नाही, माझा प्रबंधही विद्यापीठात जायचा नाही.”

“नव्या स्लॅबला भोक?”

“भोकच!”

केरबाने खडू घेतला, शिडीवर चढला आणि आतल्या सळ्या कुठं टाकल्यात ते आठवत, त्या चुकवून छताला भोकासाठी गोल काढला.