मला सैल करू नका

मी टूर्निकेट बोलतोय. नावाला बिचकू नका. एक काळा पट्टा, त्यावर बोटाएवढी दांडी आणि ती अडकवायला एक खाच, एवढाच माझा संसार. हातापायाला खोल जखम होऊन रक्ताची धार लागली आणि दाबूनही थांबेना, की जखमेच्या वर मला आवळायचं आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. मी फार दुखवतो. दुखवल्याशिवाय मला वाचवता येत नाही.

शिलाईच्या कारखान्यात एका बाईनं माझ्यावर उलटसुलट टाके घातले, जोर लावून ओढून पाहिलं आणि ढिगात टाकलं. आईची माया म्हणाल तर तेवढीच.

मला विकत घेतलं धाकटीनं. ती आणि तिचा दादा खिडक्यांच्या काचा कापायचं वर्कशॉप चालवत. आईबाप लहानपणीच गेलेले. मामांनी दोघांना वाढवलं, धंदाही शिकवला. थकले तरी मामा रोज येऊन स्टुलावर बसत आणि बजावत, "जपून रे, काचेला नातं कळत नाही." धाकटी प्रथमोपचार शिकून आली आणि तिनं मला दारामागच्या खिळ्याला टांगलं. दादा हसला.

"हे काय गं? माझं पोट आवळायला आणलंस?"

"तोंड आवळायचा मागितला होता. दुकानात नव्हता."

पुढे माझ्यावर काचेची पूड बसत गेली. दादा आपला ओला रुमाल माझ्यावर वाळत घालायचा. मला त्याचा राग नव्हता. माझी आठवण होत नाही, तोवरच घर सुखात असतं.

एका दुपारी मोठी काच उतरवताना ती मधोमध तडकली आणि तिचा तुकडा दादाच्या मांडीत शिरून बाहेर पडला. धाकटीनं कापड दाबून धरलं, तरी रक्त तिच्या बोटांमधून उसळतच राहिलं. तिनं मला खिळ्यावरून ओढलं, जखमेच्या वर गुंडाळलं आणि दांडी पिळली.

"सोड! पाय तुटतोय माझा!" दादा ओरडला.

"तुटू दे! तू राहा!"

रडत रडत ती पिळतच राहिली. धार थांबली. कधी आवळलं ते डॉक्टरांना कळावं म्हणून काचेवर खुणा करायच्या पेनानं तिनं माझ्यावर वेळ लिहिली.

ॲम्ब्युलन्स लांब होती. टेम्पो धाकटीलाच चालवावा लागणार होता. मागे गादीवर दादा, त्याचं डोकं मांडीवर घेतलेले मामा.

"मामा, पट्ट्याला हात लावू नका हं."

"नाही लावत, पोरी. तू गाडी काढ."

वाटेत दादा मामांचा सदरा मुठीत धरून विनवू लागला. "मामा, सहन होत नाही हो. जरासं सैल करा. जरासंच."

मामांनी त्याच्या पायाला हात लावला. पाय थंडगार, पांढराफटक. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, तो असा तळमळत होता. मामांना राहवलं नाही. त्यांनी खाचेतली दांडी सोडवली.

दादानं सुटकेचा निःश्वास टाकला. मामा त्याचे केस कुरवाळत राहिले. खाली गादी भिजत होती. मला कळत होतं, पण हाक मारता येत नव्हती. मामांच्या गुडघ्याला ओल लागली तेव्हा ते दचकले. पुन्हा दांडी पिळू लागले, तर रक्तानं ती बोटांतून निसटायला लागली. ती कशीबशी अडकली, तोवर दादाची मान कलली होती.

हॉस्पिटलात खूप खटपट झाली. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं.

"पट्टा अगदी बरोबर जागी बांधला होता," त्या हळूच म्हणाल्या. "मध्ये कुणी सैल केला का?"

मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. कोपरापर्यंत भिजलेल्या त्यांच्या बाह्या धाकटीनं पाहिल्या.

"गाडीच्या धक्क्यांनी झाला असेल," ती म्हणाली.

बऱ्याच दिवसांनी मामांनी तोंड उघडलं. "पोरी, ते धक्क्यांनी नव्हतं झालं."

"माहीत आहे मला."

"मग मला शिव्या तरी घाल."

"शिव्या घालून कुठे जाऊ, मामा? तुमच्याशिवाय आहे कोण मला?"

दोघं अजून एकत्र जेवतात, पण बोलणं मीठ-पाण्यापुरतंच.

माझा डाग धुऊनही गेला नाही. पुन्हा खऱ्या जखमेसाठी बांधायच्या लायकीचा मी राहिलो नाही. आता धाकटी मला घेऊन वेगवेगळ्या वर्कशॉपांतून लोकांना शिकवते. मामा बरोबर जातात. विजारीवरूनच ती मला त्यांच्या मांडीवर आवळते, दांडी पिळते. त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

"अहो, आजोबांना दुखतंय, सोडा की!" कुणीतरी हमखास म्हणतं.

"दुखू दे," मामा म्हणतात. "ओरडतोय म्हणजे जिवंत आहे, बाळांनो."

माझंही मागणं तेवढंच. ज्याला मला बांधाल तो शिव्या देईल, पाया पडेल. त्याचा हात धरा, त्याच्याशी बोलत राहा. पण डॉक्टरांच्या हाती देईपर्यंत माझ्या दांडीला हात लावू नका.

लोक पांगले की धाकटी मला सोडते. मग खाली बसून मामांच्या मांडीवरचा वळ तळव्यानं चोळत राहते.