खाडीचा पाटकरी

दसरा झाल्यावर वरकुट्याचे आबाजी पहिल्यांदाच लेकीच्या सासरी कोकणात गेले. व्याही धर्माजी त्यांना होडीतून खाडीत मासे धरायला घेऊन निघाले. दोनदा जाळं टाकलं, टोपलीत बोयी उड्या मारू लागल्या, आणि बघता बघता खाडीचं पाणी उतरलं. होडी चिखलात रुतून बसली.

"धरणाची दारं उघडली वाटतं! आमच्या उजनीचं पाणी गेलं की पुढच्या पावसाळ्याबिगर येत न्हाय. आता दिवाळी हितंच करू व्हय?" आबाजी डाफरले.

"ओहोटी आहे, पावणे. येईल परत," म्हणत धर्माजींनी विडी शिलगावली.

आबाजींना पटेना. उसाला पाणी मिळावं म्हणून कालव्याच्या पाटकऱ्यामागं फिरण्यात त्यांचा जन्म गेला होता. आपल्या पायानं आलेलं पाणी त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

पण उन्हं कलली तसं समुद्राकडून पाणी चढत आलं. होडी हलली, तरंगली. आबाजींचा जीव भांड्यात पडला.

"ना अर्ज, ना पाळी! हितला पाटकरी हाय तरी कोण?"

धर्माजींनी वर, दिवसाच दिसू लागलेल्या फिकट चंद्राकडे बोट केलं. "तो. भरती तोच आणतो."

आबाजींनी टोपी काढून हात जोडले. "देवा, एकदा वरकुट्याला बदली करून घे की!"